संशोधनात एआय टूल्सचा वापर आणि संशोधकांची मतं

चॅटजीपीटीसारखी टूल्स पेपर, थिसिस, पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी दुसऱ्या संशोधकांनी केलेली पेपरची तपासणी) अशा कामांत वापरावीत का आणि वापरली तर कुठपर्यंत, यावर संशोधकांमध्ये ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आल्यापासून जोरदार वाद चालू आहे. इंग्रजी सुधारून घेणं बहुतेकांना चालतं, पण निष्कर्ष काढायचं किंवा दुसऱ्याचा पेपर तपासायचं काम मशीनवर टाकणं अनेकांना पटत नाही, आणि खरी भांडणं आहेत ती या दोन्हीच्या मधल्या जागेवर.

सुरुवातीला काही लेखांवर चॅटजीपीटीचं नाव चक्क सहलेखक म्हणून लागलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने ते बंद केलं, कारण चूक निघाली तर जबाबदारी घेणारा माणूस लागतो, मात्र टूल वापरलं असेल तर पेपरमध्ये तसं लिहा म्हणाले. 'सायन्स' या दुसऱ्या नियतकालिकाने एआयचा मजकूरच नको म्हटलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वापर जाहीर करायच्या अटीवर, नियम सैल केला.

'नेचर'ने २०२५ मध्ये ५,००० च्या वर संशोधकांना विचारलं तेव्हा एडिटिंग आणि भाषांतर ९० टक्क्यांहून जास्त लोकांना मान्य होतं, मजकूर लिहून घेणं साधारण ६५ टक्क्यांना, पण पहिला ड्राफ्ट खरोखर एआयकडून लिहून घेतलाय असं म्हणणारे जेमतेम ८ टक्के. आता याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवा, पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन सूचीतल्या पेपरांच्या दीड कोटी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्समधली शब्दांची वारंवारता तपासली तर २०२४ च्या किमान १३.५ टक्के अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्सवर एआयचा हात फिरलेला दिसला. दोन्ही आकडे एकच गोष्ट मोजत नाहीत हे खरं, तरी वापर उघड सांगायला लोक कचरतात असं वाटायला जागा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या पीएचडीच्या मुलामुलींचा विषय पक्का असतो, फील्डवर्क चोख असतं, आणि तरी इंग्रजीत पेपर लिहायचा म्हटलं की घाम फुटतो, पैसे देऊन एडिटर लावणं सगळ्यांना परवडत नाही, मग फुकटात वाक्यं नीट करून देणारं टूल मिळालं तर ते वापरणं ही लबाडी कशी म्हणायची? उलट मजकूर एआयचा आहे का ते ओळखणारे डिटेक्टरच अशा लोकांवर अन्याय करतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेल या परभाषकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचे ९१ निबंध ७ डिटेक्टरमधून काढले, तर माणसांनीच लिहिलेले सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरले.

त्यात अजून एक घोळ आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत सिमिलॅरिटीला दंड नाही, पण सिमिलॅरिटी म्हणजे आधीच्या मजकुराशी जुळणी, एआयने नव्याने जुळवलेलं वाक्य त्यात सापडेलच असं नाही, त्यामुळे रिपोर्ट क्लीन आला म्हणजे काम स्वतःचं असं सिद्ध होत नाही.

विरोध करणाऱ्यांचीही बाजू भक्कम आहे. ही टूल्स अस्तित्वातच नसलेले संदर्भ अगदी खऱ्यासारखे बनवून देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर 'फ्रंटियर्स' या प्रकाशकाच्या एका जर्नलमध्ये उंदराचं निरर्थक एआय चित्र रिव्ह्यूमधून पार होऊन छापलं गेलं आणि पेपर मागे घ्यावा लागला. रिव्ह्यूच्या बाबतीत एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेने जून २०२३ मध्येच ग्रँटचे प्रस्ताव तपासणाऱ्यांना जनरेटिव्ह एआय वापरायला मनाई केली, कारण दुसऱ्याचा गोपनीय प्रस्ताव बाहेरच्या टूलमध्ये टाकणं म्हणजे तो फोडणंच आहे. तरी रिव्ह्यूअर वापरतात हे गृहीत धरून काही लेखकांनी पेपरमध्ये एआयसाठी 'फक्त चांगलंच लिहा' अशा लपवलेल्या सूचना पेरल्या, जुलै २०२५ मध्ये आर्काइव्ह (arXiv) या रिव्ह्यूआधीच पेपर टाकायच्या साइटवरचे असे १७ पेपर उघडकीला आले.