वॉट नंतर विचारा, आधी व्होल्टेज

बेससाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती वॉटचा? नागपुरातल्या बंद सभागृहासाठी तो ठीक आहे. पण वडसा-ब्रह्मपुरीकडे रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक असो की वऱ्हाडातल्या गावची भीमजयंती, तिथे आधी विचारायचं ते असं: लाइनीत १८० व्होल्ट उरले तर हे मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, काय करतं?

हिवाळ्यात रब्बीचे पंप सुरू झाले की डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या टोकाला २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळणं नवीन नाही. साध्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या मशीनमध्ये आतला डीसी पुरवठाही त्याच प्रमाणात खाली येतो. ताकद व्होल्टेजच्या वर्गावर ठरते. १८० भागिले २३० म्हणजे ०.७८, आणि त्याचा वर्ग ०.६१. म्हणजे १००० वॉटचं मशीन त्या रात्री जेमतेम ६१० वॉटचं असतं.

खरं नुकसान यापुढे होतं. आवाज कमी वाटला की ऑपरेटर व्हॉल्यूम चढवतो. मशीनला शिखर गाठता येत नाही, म्हणून लहरीचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. एरवी गाण्यात सरासरी ताकद मशीनच्या पूर्ण क्षमतेच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढीच असते, त्यामुळे व्हॉइस कॉइलला (स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्याला) थंड व्हायला उसंत मिळते. माथे कापलेल्या आवाजात ती सरासरी दुप्पट-तिप्पट होते. स्पीकरला दिलेल्या विजेतला शेकडा दोन-पाच भागच आवाज होतो, बाकी सगळी उष्णता. कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो आणि आवाज आणखी बसतो. ऑपरेटर पुन्हा चढवतो. जळकट वास येईपर्यंत हे चक्र चालतं. म्हणून क्लिपचा लाल दिवा एखाद्या ठोक्याला लुकलुकला तर चालेल, पण तो पेटून राहिला तर हात खालीच आला पाहिजे.

एसएमपीएस (जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरऐवजी वेगवान स्विचिंगच्या) पुरवठ्याची क्लास-डी मशीनं (ज्यांचे ट्रान्झिस्टरही झपाट्याने चालू-बंद होतात) हलकी असतात आणि वीजही कमी खातात. पण एसएमपीएस म्हटलं की सगळीच व्होल्टेज सांभाळतात असं नाही. ज्यात रेग्युलेशन (आतलं व्होल्टेज स्थिर ठेवणारी सोय) किंवा पीएफसी (लाइनीतून वीज नीट ओढणारं सर्किट) आहे आणि कमीत कमी किती व्होल्टवर चालेल ते मागच्या पट्टीवर छापलं आहे, तेच घ्यावं. शिवाय दुरुस्तीचा विचार घेण्याआधीच करावा. क्लास-डीचा बारीक बोर्ड तालुक्याच्या गावी सहसा दुरुस्त होत नाही. क्लास-एबीच्या (जुन्या, साध्या पद्धतीच्या) अनेक मशीनमध्ये ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोड्या असतात आणि त्या कुठलाही बरा मेकॅनिक बदलतो. मात्र बाजारात त्यांच्या नकला भरपूर आहेत, त्या पहिल्याच जड ठोक्याला जातात. जुनं क्लास-एबी मशीन घेताना झाकण उघडून जोड्या मोजा. एका जोडीमागे १०० ते १२५ वॉट धरावेत. एका चॅनेलला चार जोड्या आणि वर १००० वॉट लिहिलेलं असेल, तर तो आकडा सोडून द्या. पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा, जाहिरातीतला) आकडा तर वाचूच नये.

आमच्या मते गावात मशीनचा सगळ्यात मोठा वैरी कमी व्होल्टेज नाही, सुटलेला न्यूट्रल (परतीची तार) आहे. थ्री-फेज लाइनीवर न्यूट्रल ढिला झाला की ज्या फेजवर भार कमी, तिथलं व्होल्टेज ३०० च्याही वर जाऊ शकतं. मोठे कपॅसिटर फुटतात ते असे. म्हणून मशीन लावण्याआधी मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल मोजा. मग एका फेजवर १००० वॉटचा हॅलोजन लावा आणि दुसऱ्या फेजवर मीटर धरा. हॅलोजन पेटताच दुसरीकडचं रीडिंग २३० वरून २५०-२६० कडे सरकलं, तर न्यूट्रल ढिला आहे. जोड घट्ट होईपर्यंत काहीही लावू नका. जनरेटर असला तरी हीच तपासणी. आकडा टाकून घेतलेल्या लाइनीवर मशीन लावूच नये; जोड कच्चा असतो आणि जिवालाही धोका.

आता ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध. ८ ओहमचे स्पीकरचे दोन डबे समांतर जोडले की ४, चार जोडले की २. बरीच मशीनं २ ओहमवर चालतात असं कागदावर असतं, पण मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ वर असताना तीच मशीनं तापून बंद पडतात. चॅनेलला ४ ओहमच्या खाली जाऊ नये. ब्रिज मोडमध्ये (दोन चॅनेल जोडून एकच भार चालवताना) प्रत्येक चॅनेलला निम्माच ओहम दिसतो, म्हणजे ४ ओहमचा भार २ सारखा. मशीनं जळण्यामागे ही चूक फार वेळा असते.

डब्याच्या आरएमएसच्या (सलग पेलता येणाऱ्या वॉटच्या) दीडपट ताकदीचं मशीन घ्यावं, पण लिमिटर (सिग्नल ठरलेल्या पातळीवर रोखणारं उपकरण) लावूनच. लिमिटर नसेल तर बरोबरीचं बरं. ३० ते ३५ हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने कापा. चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झचा असतो, त्याखाली पोर्टच्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) डब्यात स्पीकरचा कोन नुसता फडफडतो. उघड्या मैदानात भिंतींची साथ नसते, म्हणून बेसचे डबे दोन बाजूंना न विखुरता शेजारी ठेवा. दोन डबे जवळ आले की आवाज एका डब्यापेक्षा ६ डेसिबलपर्यंत वाढतो, जास्तीचं मशीन न आणता.

कापसाचे तंतू आणि कच्च्या रस्त्याची धूळ पंख्याची जाळी बंद करतात. हंगामात दर कार्यक्रमानंतर स्पंज काढून झटकावा. घरघर येते म्हणून अर्थिंगची पिन कापणं हा उपाय नाही. मिक्सर आणि मशीन एकाच बोर्डावर लावा आणि मधली वायर बॅलन्स्ड एक्सएलआर (घरघर कापणारी, तीन पिनांची) ठेवा.

वायरीवर केलेली काटकसर कशी भोवते ते पाहा. १ चौरस मिलिमीटरची ३० मीटर लांब वायर जाऊन-येऊन जवळपास १ ओहम होते. ४ ओहमच्या भाराला मग ३७ टक्के कमी ताकद मिळते. २.५ ची वायर वापरली तर तूट १८ टक्क्यांवर येते. त्याहून बरं म्हणजे मशीन डब्यांच्या मागेच ठेवा आणि लांब न्यायची ती सिग्नलची वायर न्या.