शेल स्क्रिप्टिंग

शेल स्क्रिप्टिंग : युनिक्स व तत्सम ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एकामागून एक द्यावयाच्या आज्ञा मजकूर-फाइलीत लिहून त्या शेलकडून पार पाडून घेण्याची पद्धत. वापरकर्त्याने दिलेली आज्ञा वाचून तिचा अर्थ लावणारा आणि योग्य तो प्रोग्रॅम सुरू करणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. कळफलकावरून टाइप केलेली ओळ आणि फाइलीत लिहून ठेवलेली ओळ यांत तो जवळजवळ भेद करीत नाही. त्यामुळे संगणक-प्रशासकाला रोजच्या आज्ञांवरून स्क्रिप्टकडे सहज जाता येते. मात्र स्क्रिप्ट शिकताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळही येथेच आहे. बॅकअप घेणे, लॉग-फाइली तपासणे, वापरकर्त्यांची खाती उघडणे, डिस्कवरील मोकळ्या जागेवर लक्ष ठेवणे ही या पद्धतीची सर्वपरिचित कामे होत.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सीटीएसएस या कालविभागणी (एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणाऱ्या) प्रणालीवर लुई पूझँ यांनी 1963-64 च्या सुमारास ‘रनकॉम’ हा प्रोग्रॅम लिहिला. फाइलीत साठवलेल्या आज्ञा तो क्रमाने पार पाडीत असे आणि त्या फाइलीत बाहेरून मूल्येही भरता येत. युनिक्समधील अनेक मांडणी-फाइलींच्या नावांच्या शेवटी आजही दिसणारी ‘आरसी’ ही अक्षरे रनकॉमवरूनच आली आहेत. ‘शेल’ ही संज्ञा पूझँ यांनीच पुढे मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आराखड्यात योजली व त्यानुसार ग्लेंडा श्रोडर यांनी 1965 च्या सुमारास मल्टिक्सचे पहिले शेल तयार केले. यावरून काही लेखक रनकॉमलाच पहिले शेल म्हणतात. परंतु रनकॉम आज्ञांची यादी चालवीत असे, स्वतः आज्ञा-वाचकाची जागा घेत नसे, हे लक्षात घेता त्याला स्क्रिप्टिंगचे पूर्वरूप मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

युनिक्सचे पहिले शेल केन टॉम्पसन यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये लिहिले आणि ते 1971 च्या पहिल्या आवृत्तीत होते. इनपुट-आउटपुट दुसरीकडे वळवण्याची सोय त्यात होती. एका प्रोग्रॅमचे आउटपुट थेट दुसऱ्याला देणारा पाइप डग्लस मॅक्इलरॉय यांच्या आग्रहामुळे 1973 मध्ये आला. प्रोग्रॅम असे जोडता यावेत हा विचार त्यांनी 1964 मध्येच एका टिपणात मांडला होता. टॉम्पसन यांचे शेल मात्र भाषा म्हणून फार तोकडे होते. त्यात ‘इफ’ आणि ‘गोटू’ हे शेलचे भाग नसून स्वतंत्र प्रोग्रॅम होते. स्क्रिप्टची फाइल शेलच्या प्रमाणित इनपुटवर उघडलेली असे आणि शेलने सुरू केलेल्या प्रोग्रॅमलाही तीच फाइल मिळे. ‘गोटू’ हा प्रोग्रॅम त्या फाइलीत हवी ती खूण शोधून वाचनाची जागा तेथे सरकवी आणि संपे. शेल पुन्हा वाचू लागे ते या नव्या जागेपासून. शेल फाइलीला प्रोग्रॅम म्हणून नव्हे, तर आज्ञांचा प्रवाह म्हणून वाचीत असे, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

जॉन मॅशी यांनी 1975 ते 1977 च्या दरम्यान याच शेलमध्ये व्हेरिएबल (मूल्य साठवणारी नावे) आणि अंगभूत नियंत्रण-रचना घातल्या. तथापि पूर्ण भाषेचे स्वरूप आले ते स्टीव्हन बोर्न यांच्या शेलमुळे, जे 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडले. बोर्न यांनी पूर्वी अल्गोल 68 या भाषेच्या कंपायलरवर काम केले होते. ‘इफ’चा शेवट ‘फाय’ने आणि ‘केस’चा ‘एसॅक’ने, म्हणजे तीच अक्षरे उलटी लिहून, होतो तो त्या भाषेमुळे. याच न्यायाने ‘डू’चा शेवट ‘ओडी’ने व्हायचा, पण त्या नावाची आज्ञा आधीच वापरात असल्याने ‘डन’ हा शब्द घ्यावा लागला, असे सांगितले जाते. फाइलीच्या पहिल्या ओळीत #! ही चिन्हे व त्यापुढे शेलचा मार्ग लिहून फाइल कोणत्या शेलने चालवायची ते सांगण्याची सोय डेनिस रिची यांनी 1980 च्या आरंभी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, केली.

नंतरची शेले : बिल जॉय यांचे सी शेल आणि डेव्हिड कॉर्न यांचे 1983 मध्ये जाहीर झालेले कॉर्न शेल यांनी संवादी वापर सुखकर केला, स्क्रिप्टलेखनात सी शेल मागे पडले. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले बॅश 1989 मध्ये आले आणि लिनक्सबरोबर सर्वत्र पसरले. शेलची प्रमाण भाषा 1992 मध्ये पॉसिक्स या युनिक्ससदृश प्रणालींच्या प्रमाणकाच्या दुसऱ्या भागात निश्चित झाली. उबुंटूने 2006 मध्ये प्रणालीचे मूळ शेल म्हणून बॅशऐवजी लहान व वेगवान डॅश स्वीकारले, तेव्हा प्रमाण शेलसाठी म्हणून लिहिलेल्या, परंतु बॅशच्या खास सोयींवर विसंबलेल्या अनेक स्क्रिप्ट बंद पडल्या. बॅशवरच शिकलेल्यांना ही अडचण आजही येते. मायक्रोसॉफ्टचे पॉवरशेल (2006) वेगळ्या वळणाचे आहे. त्याच्या पाइपमधून मजकुराऐवजी ऑब्जेक्ट जातात.

विस्तारांचा क्रम : शिकणारा प्रथम आज्ञा पाठ करतो. खरी समज येते ती मात्र आज्ञा सुरू होण्यापूर्वी शेल त्या ओळीचे काय करते हे कळल्यावर. प्रमाण शेल ओळीचे शब्द पाडते. नंतर वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीची खूण, डॉलर-चिन्हाने लिहिलेले व्हेरिएबल, आतल्या आज्ञेचे आउटपुट आणि अंकगणित यांच्या जागी त्यांची मूल्ये घालते. या मूल्यांचे रिकाम्या जागांवर पुन्हा तुकडे करते. मग तारांकित नमुन्यांच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावे आणते आणि शेवटी अवतरणचिन्हे काढून टाकते. चालणाऱ्या प्रोग्रॅमला यातले काहीच दिसत नाही, त्याला केवळ तयार शब्द मिळतात.

समजा, एका व्हेरिएबलमध्ये ‘मार्च अहवाल’ हे फाइलीचे नाव आहे. व्हेरिएबल उघडे लिहून फाइल पुसण्याची आज्ञा दिली, तर पुसणाऱ्या प्रोग्रॅमला ‘मार्च’ आणि ‘अहवाल’ अशी दोन नावे मिळतात. तशा नावांच्या फाइली तेथे असतील तर त्या पुसल्या जातात, आणि जी पुसायची होती ती शिल्लक राहते. दुहेरी अवतरणात व्हेरिएबलचे मूल्य भरले जाते पण त्याचे तुकडे होत नाहीत. एकेरी अवतरणात मूल्यही भरले जात नाही. व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणात लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, असे जाणकार सांगतात ते यामुळेच. ॲपलच्या आयट्यून्स 2 च्या नोव्हेंबर 2001 मधील इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टमध्ये ही अवतरणे राहून गेली आणि डिस्क-विभागाच्या नावात रिकामी जागा असलेल्या काही संगणकांवरचा मजकूर पुसला गेला.

अवतरणे पुरेशी नसतात हे जानेवारी 2015 मध्ये दिसले. लिनक्सवरील स्टीम या खेळ-वितरण प्रोग्रॅमची स्क्रिप्ट स्वतःची डिरेक्टरी शोधून ती व्हेरिएबलमध्ये ठेवीत असे व नंतर त्या डिरेक्टरीतील सर्व काही पुसण्याची आज्ञा देई. डिरेक्टरी सापडली नाही तेव्हा व्हेरिएबल रिकामे राहिले, त्यापुढची तिरकी रेघ (जी एकटी असता मूळ डिरेक्टरी दर्शवते) तेवढी उरली, आणि आज्ञेचा अर्थ ‘मुळापासून सर्व पुसा’ असा झाला. व्हेरिएबल रिकामे असल्यास तेथेच थांबवणारी प्रश्नचिन्हाची रचना बोर्न शेलपासून उपलब्ध आहे; ती अभ्यासक्रमांत फार उशिरा शिकवली जाते, हे योग्य नव्हे.

निर्गम-स्थिती : प्रत्येक आज्ञा संपताना एक संख्या मागे ठेवते. 0 म्हणजे यश आणि इतर कोणतीही संख्या म्हणजे अपयश; आज्ञा सापडली नाही तर 127, सापडली पण चालवता आली नाही तर 126 मिळते. पाइपने जोडलेल्या आज्ञांत सामान्यतः शेवटच्या आज्ञेचीच स्थिती धरली जाते. त्यामुळे डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, पण पुढचा फाइल-संकोचक नीट संपला, तर बॅकअप यशस्वी झाल्याची नोंद होते. चूक होताच स्क्रिप्ट थांबवण्याचा पर्याय आहे, परंतु ‘इफ’च्या अटीत असलेल्या आज्ञांना तो लागू होत नसल्याने त्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

हाताने चालवलेली स्क्रिप्ट क्रॉनकडून चालत नाही, हा नवख्या प्रशासकाचा नेहमीचा अनुभव होय. क्रॉन ठरावीक वेळी आज्ञा सुरू करतो, पण वापरकर्त्याच्या मांडणी-फाइली वाचत नाही आणि आज्ञा शोधण्याच्या डिरेक्टरींची यादीही त्याच्याकडे तोकडी असते. स्क्रिप्टमध्ये ती यादी स्वतः लिहिणे किंवा आज्ञांचे पूर्ण मार्ग देणे हा त्यावरचा उपाय आहे.

सुरक्षितता : सप्टेंबर 2014 मध्ये स्टेफान शाझेला यांनी दाखवून दिलेल्या ‘शेलशॉक’ दोषामुळे बॅशला दिलेल्या व्हेरिएबलच्या मूल्यामागे जोडलेली आज्ञाही पार पाडली जाई. हा दोष बॅशमध्ये 1989 पासून होता.

मराठीतील साधने व देवनागरी मजकूर : मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि बॅश यांवरील ध्वनिचित्र-पाठ असून प्रकल्पातील पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले जातात. देवनागरी मजकुरावर स्क्रिप्ट चालवताना मात्र भाषा-मांडणीकडे (लोकेल) लक्ष द्यावे लागते. यूटीएफ-8 या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. ‘शेल’ या शब्दात श, एकाराची मात्रा आणि ल अशी 3 चिन्हे, म्हणजे 9 बाइट आहेत. फाइलनावांच्या नमुन्यातील एकटे प्रश्नचिन्ह यूटीएफ-8 मांडणीत एका चिन्हाशी जुळते. साहजिकच ‘की’ हे वाचकाला एक वाटणारे अक्षर पकडण्यास दोन प्रश्नचिन्हे लागतात. तीच स्क्रिप्ट प्रत्येक बाइट वेगळे चिन्ह मानणाऱ्या ‘सी’ नावाच्या मांडणीत चालवल्यास बॅशला तेथे 6 बाइट दिसतात. मराठी नावांच्या याद्या हाताळणाऱ्या स्क्रिप्टमध्ये म्हणून मांडणी आरंभीच स्पष्ट लिहावी.