खुलासा : हरभरे-मोहरीचा दाखला अर्धाच खरा

५० मिली पाण्यात ५० मिली इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल) ओतलं की १०० नव्हे, सुमारे ९६-९७ मिली भरतं. शाळेत याचं कारण ठरलेलं: हरभऱ्यांच्या फटीत मोहरी बसते, तसे एकाचे रेणू दुसऱ्याच्या फटीत बसतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवलं जातंय. पण हरभऱ्यात मोहरी ओतून भांडं गरम होतं का? पाण्यात इथेनॉल ओतलं की मात्र होतं. म्हणजे रेणू नुसते फटीत बसत नाहीत, एकमेकांना ओढूनही धरतात.

अल्ट्रासाउंडने हे छान तपासता येतं. इंटरफेरोमीटर म्हणजे ध्वनीची तरंगलांबी मोजणारं उपकरण; त्यात द्रव भरायचा, खालचा स्फटिक २ मेगाहर्ट्‌झने कंपतो. वरचा परावर्तक मायक्रोमीटर स्क्रूने हळूहळू उचलत गेलं की मीटरचा काटा ठरावीक अंतराने उसळतो. पाण्यात हे अंतर जेमतेम ०.३७ मिमी, म्हणजे अर्धी तरंगलांबी. त्यावरून ध्वनीचा वेग निघतो.

२५ अंशांना पाण्यात तो सेकंदाला सुमारे १४९७ मीटर, इथेनॉलमध्ये ११४४. मग मिश्रणात मधला कुठलातरी असेल? नाही! वजनाने साधारण २० टक्के इथेनॉल असताना तो १६०० च्या आसपास जातो, दोघांपेक्षाही जास्त. घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा व्यस्त म्हणजे संपीड्यता, द्रव किती सहज दाबला जातो याचं माप. तीही पाण्यापेक्षा कमी निघते. द्रव दाबायला अधिक कठीण झालेला असतो, कारण इथेनॉलभोवती पाण्याच्या रेणूंचं हायड्रोजन बंधांचं (एका रेणूतल्या हायड्रोजनला शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनशी जोडणाऱ्या ओढीचं) जाळं नव्याने जुळतं.

एक मात्र सांगायलाच हवं: ध्वनी हे बंध थेट दाखवत नाही. तो ताठरपणा मोजतो. बंधांचा निष्कर्ष आपण घनता, उष्णता आणि वर्णपट सोबत ठेवून काढतो.