आयटीआयमध्ये शिकवायचे असेल तर : सीआयटीएस प्रवेशाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन घडवणाऱ्या शिक्षकाला शिल्प निदेशक म्हणतात. हात उत्तम चालणे वेगळे आणि वीस मुलांना यंत्रापाशी उभे करून तेच काम सुरक्षितपणे शिकवणे वेगळे. त्यासाठी केंद्राचे प्रशिक्षण महासंचालनालय शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना, अर्थात सीआयटीएस, हा एक वर्षाचा अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमधून चालवते. मुंबईत अशी एक संस्था चुनाभट्टीला आहे आणि महिलांसाठीची स्वतंत्र संस्था दादरला आहे. अभ्यासक्रमात आपल्या व्यवसायाचे (म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडचे) सिद्धान्त व प्रात्यक्षिक यांच्या जोडीने पाठनियोजन, अध्यापनतंत्र आणि मूल्यमापन शिकवले जाते. माझ्या मते वर्ष खर्ची घालावे ते या दुसऱ्या भागासाठीच.

आयटीआय उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे संबंधित व्यवसायाचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र (एनटीसी), शिकाऊ उमेदवारी पूर्ण केल्यावर मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र (एनएसी) किंवा त्या शाखेची अभियांत्रिकी पदविका वा पदवी असलेला उमेदवार अर्ज करू शकतो. मात्र प्रवेशाची पात्रता आणि नोकरीची पात्रता यांत गल्लत करू नये. आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांत निदेशकपदासाठी पदवीधराला एक, पदविकाधारकाला दोन आणि एनटीसी किंवा एनएसीधारकाला तीन वर्षांचा अनुभव लागतो. एका व्यवसायाला दोन निदेशक लागत असतील तर त्यांपैकी एक पदवी किंवा पदविकाधारक आणि दुसरा एनटीसी किंवा एनएसीधारक असावा, आणि सीआयटीएसचे प्रमाणपत्र दोघांकडेही असावे, असा नियम आहे. म्हणूनच आयटीआय झालेल्या कारागिराने पदवी नाही म्हणून मागे राहू नये. त्याची जागा या रचनेतच राखलेली आहे.

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. त्यानंतर अखिल भारतीय सामाईक प्रवेश परीक्षा, गुणवत्ता यादी, व्यवसाय व संस्थेचे पसंतीक्रम आणि शेवटी मूळ कागदपत्रांची पडताळणी असा क्रम असतो. दहावीचे गुणपत्रक, व्यवसायाचे प्रमाणपत्र व गुणपत्रिका, आधार कार्ड, छायाचित्र, स्वाक्षरी आणि लागू असल्यास जातीचे किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तयार ठेवावे.

येथे दोन ठिकाणी विशेष जपावे. पहिली बाब आरक्षणाची. या संस्था केंद्राच्या असल्याने इतर मागासवर्गीय उमेदवाराची जात केंद्राच्या यादीत असणे आवश्यक आहे आणि प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातले, उन्नत आणि प्रगत गटात (क्रीमी लेयरमध्ये) नसल्याच्या उल्लेखासह, लागते. केवळ राज्यातील प्रवेशासाठी काढलेल्या दाखल्यावर विसंबू नये. दुसरी बाब नावाची. दहावीचे गुणपत्रक, आधार आणि एनटीसी यांवरील नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख जुळत नसल्यास एनटीसीवरील दुरुस्तीसाठी आपण शिकलो त्या आयटीआयकडेच आधी जावे लागते, आणि त्याला वेळ लागतो. त्यामुळे अर्जाची खिडकी उघडण्याची वाट न पाहता हे काम आजच हाती घ्यावे.