रानहंसांची पारध (नागपूर परिसर)

हिवाळ्यात विदर्भातील तलावांवर व नदीकाठच्या वाळवंटांवर उतरणारे रानटी हंस फासाने किंवा बंदुकीने धरण्या-मारण्याच्या रीती. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात परवान्यावरील शिकारीला काही वाव होता; १९९१ च्या दुरुस्तीने तो संपला. आज ही शिकार गुन्हा आहे, म्हणून पुढील वर्णन इतिहास म्हणूनच वाचावे.

नाव व ओळख : या भागात येणारा मुख्य हंस पट्टकादंब (हिंदी : सवन). डोके पांढरे, त्यावर मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे, चोच व पाय पिवळे-नारिंगी, वजन साधारण २ ते ३ किलो. वीण लडाख, तिबेट, मंगोलियाकडे. इकडचा मुक्काम सामान्यतः नोव्हेंबर ते मार्च.

संस्कृतातील ‘राजहंस’ तो हाच का, हा जुना वाद आहे. अमरकोशातला राजहंस पांढरा असून त्याची चोच व पाय लाल आहेत. करड्या पट्टकादंबाला हे वर्णन बसत नाही, त्यामुळे काहींनी तो रोहित (फ्लेमिंगो) मानला. त्याच कोशात ‘कादंब’ हा कलहंसाचा पर्याय आहे, आणि आजचे मराठी नाव त्याला जवळचे आहे. युरोपीय अनुवादकांनी हंसाचा सरसकट ‘स्वान’ केला होता. डच अभ्यासक फोगेल यांनी, १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, साहित्य व शिल्पे एकत्र तपासून तो ‘गूज’ ठरवला. शिल्पांतील आखूड मान व जाड चोच पाहता हेच मत अधिक पटते. ‘मेघदूता’त राजहंस मेघाबरोबर कैलासाकडे निघतात. त्यातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे संस्कृतज्ञ वा. वि. मिराशी यांचे मत नागपूरकरांना परिचित आहे. मात्र पट्टकादंब उन्हाळा तापण्याआधीच उत्तरेकडे परततात. आषाढात रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर ते नसतात. तेव्हा त्या श्लोकाला निरीक्षण न मानता कविसंकेत मानणे बरे.

‘पारध’ हा शब्द संस्कृत कोशांतील ‘पापर्द्धि’ व प्राकृत ‘पारद्धि’ यांच्याकडे नेला जातो. ‘पापर्द्धि’ हे मागाहून केलेले संस्कृतीकरण असण्याचीही शक्यता आहे.

रीती : सगळ्या तंत्राचा पाया हंसांची रोजची ये-जा हा होता. दिवसा थवा उघड्या पाण्यावर किंवा वाळूत विसावतो. सांजावताना गहू-हरभऱ्याच्या कोवळ्या शेतांत, नाहीतर पाणी ओसरलेल्या गाळपेरीत चरायला जातो. चिखलातली पावले, गळालेली पिसे आणि हिरवट लेंड्या पाहून जाणकार त्यांची वाट ठरवत. थवा चरताना एकदोन पक्षी मान ताठ ठेवून पहारा देतात, त्यामुळे उघड्यावरून चालत गेलेल्या माणसाच्या हाती काही लागत नसे.

रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात पारध्यांचा ‘गायके’ हा पोटभेद येतो : बैलाच्या आडून सावजाजवळ जाणारे. नोंद सर्वसाधारण शिकारीची आहे. पण तलावाकाठी चरणाऱ्या गुरांना हंस बिचकत नाहीत, म्हणून ही युक्ती त्यांच्यावर चालण्याजोगी होती. माणूस बैलाच्या खांद्याशी वाकून चालतो, पाय जनावराच्या पुढच्या पायांच्या ओळीत ठेवतो आणि थव्याकडे सरळ न जाता तिरप्या, रेंगाळत्या फेऱ्यांनी अंतर तोडतो. बैलाला मधूनमधून चरू द्यावे लागते. फासेपारध्यांची रीत निराळी : येण्या-जाण्याच्या वाटेवर खुंट्यांना बांधलेले फास. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांन्वये ‘गुन्हेगार’ ठरवल्या गेलेल्या जमातींत पारधीही आले. त्यामुळे वसाहतकालीन लेखनात त्यांच्या कसबाचे वर्णन संशयाने झाकोळले आहे, हे वाचताना विसरू नये.

डोक्यावर मडके घेऊन पाण्यात शिरायचे आणि पाखराचे पाय खालून ओढायचे, ही प्रसिद्ध युक्ती मुख्यत्वे बदकांची. हंसांबाबत ती जपूनच स्वीकारावी.

बंदूकवाले शेताच्या कडेला खड्डा करून आडोशात बसत. हंस वाऱ्याला तोंड करून उतरतात. म्हणून वारा पाठीवर घेऊन बसले की थवा समोरून येई. मोठा पक्षी संथ भासतो, प्रत्यक्षात वेग चांगला असतो. नवख्या माणसाचा नेम त्यामुळे पक्ष्याच्या मागे पडे. बारा बोअरच्या छऱ्याचा भरवसा सुमारे ३५-४० मीटरपर्यंतच. त्यापलीकडून मारलेले पक्षी पुष्कळदा जखमी होऊन दूर पाण्यावर जाऊन मरत. तलावाच्या गाळात उरलेले शिशाचे छरे हंस खड्यांबरोबर गिळतात. पेषणीत (अन्न दळणाऱ्या जठरात) ते झिजून शिसे रक्तात उतरते व विषबाधा होते.