कळवळा की राग? मार्कच्या एका वचनातला पाठभेद

बायबलच्या नव्या करारातल्या मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे मार्कने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो आणि म्हणतो, तुझी इच्छा असेल तर तू मला शुद्ध करू शकतोस. पुढच्या म्हणजे ४१व्या वचनात येशूला त्याचा कळवळा येतो आणि तो हात पुढे करून त्याला शिवतो. ग्रीकमध्ये इथे स्प्लांख्निस्थेइस हा शब्द आहे. सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन्ही मोठ्या हस्तलिखित प्रतींत तोच आहे, बाकी जवळजवळ सगळ्या ग्रीक प्रतींतही तोच.

पण केंब्रिज विद्यापीठाच्या लायब्ररीत कोडेक्स बेझी म्हणून एक प्रत आहे, साधारण इ.स. ४०० च्या आसपासची, थिओडोर बेझा या प्रोटेस्टंट धर्मपंडिताने १५८१ मध्ये विद्यापीठाला दिलेली, डाव्या पानावर ग्रीक आणि समोर उजवीकडे लॅटिन. तिच्यात याच जागी ऑर्गिस्थेइस आहे, म्हणजे रागावून! समोरच्या लॅटिनमध्येही राग. ग्रीकमध्ये असा पाठ (म्हणजे शब्दरूप) देणारी ही एकटीच, जोडीला मोजक्या जुन्या लॅटिन प्रती.

आता प्रतींची डोकी मोजली तर विषय तिथेच संपतो, पण पाठचिकित्सेत, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींवरून मूळ मजकूर शोधायच्या शास्त्रात, नुसती डोकी मोजत नाहीत, कारण एका चुकलेल्या प्रतीवरून शंभर नकला झाल्या तरी पुरावा एकाचाच. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हाही हाच प्रश्न होता. अशा वेळी विचारायचं असतं की कुठल्या पाठातून दुसरा निघाला असेल? नकल करणारा माणूस भाविक, त्याला येशूचा राग खटकला आणि त्याने कळवळा लिहिला हे सहज पटतं, उलट कळवळा पुसून मुद्दाम राग का लिहील?

मला सगळ्यात जड वाटतो तो पुरावा मात्र बेझीच्या बाहेरचा आहे. मत्तय आणि लूक या दुसऱ्या दोन शुभवर्तमानकारांनी मार्क समोर ठेवून लिहिलं असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि हीच गोष्ट सांगताना दोघांनीही कळवळाही गाळलाय, रागही गाळलाय. येशूने हात पुढे केला, बस. हाच मत्तय मार्कमधल्या लोकसमुदायाला जेवू घालायच्या दोन्ही प्रसंगांतला कळवळा जसाच्या तसा ठेवतो, मग इथलाच का टाकेल? आणि मार्कमध्ये लगेच दोन वचनांनंतर येशू त्या बऱ्या झालेल्या माणसाला कडक शब्दांत बजावून घालवून देतो, तो कडक शब्दही या दोघांनी घेतलेला नाही.

विरुद्ध बाजूही कच्ची नाही. बेझी ही मजकुरात बरीच मोकळीक घेणारी प्रत म्हणून प्रसिद्ध आहे, आणि दोन्ही ग्रीक शब्दांचा शेवट सारखाच असल्यामुळे नकल करताना डोळा चुकला असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. नेस्ले-आलांडच्या प्रमाण ग्रीक आवृत्तीत कळवळा वर आणि राग तळटीपेत, तर २०१० च्या एसबीएल (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर) या अभ्यासक संस्थेच्या ग्रीक नव्या करारात राग वर घेतलाय, आणि न्यू इंटरनॅशनल व्हर्जन या इंग्रजी बायबलने २०११ मध्ये तेच केलं.

माझा कल रागाकडे आहे, पण तो राग त्या माणसावर होता असं मला अजिबात वाटत नाही. रागावून येशू करतो काय, तर ज्याला कोणी शिवत नव्हतं त्याच्या अंगाला हात लावतो, आणि हे सगळ्या प्रतींत सारखंच आहे.