कॉर्द-स्यूर-सिएल : जुन्या गावाचे नवे नाव

तुलूझहून गाडीने साधारण तासाभरात कॉर्द-व्हँद्राकला उतरायचे, सेरू नदीच्या खोऱ्यातून पाचेक किलोमीटर चालायचे आणि शेवटी डोंगर चढायचा. दक्षिण फ्रान्समधल्या या गावाची एका दिवसाची सहल अशी होते. स्टेशन एवढे लांब, कारण रुळांनी नदीकाठची सपाटी धरली; गावाने मात्र माथा कधीच धरला होता.

त्यामागे युद्ध होते. रोमच्या चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या धर्मयुद्धात भोवतालचा मुलूख होरपळत असताना, १२२२ मध्ये तुलूझच्या काउंटने सनद देऊन इथे नवी वस्ती वसवली. येणाऱ्यांना करांत सवलती होत्या. त्या युद्धातल्या जन्मामुळे माहितीपत्रकांत हे ‘कॅथरांचे गाव’ ठरते. ते अर्धेच खरे आहे. लोक ज्या कमानदार दगडी वाड्यांसमोर फोटो काढतात, ते बहुतेक त्यानंतरचे, तेराव्या शतकाची अखेर आणि चौदावे शतक या काळातले. तोवर मुलूख फ्रेंच राजाकडे गेला होता आणि गावात कापड-कातड्याचा पैसा खेळत होता. एका वाड्यावर तर शिकारीची अख्खी मिरवणूक कोरली आहे. बाजारातल्या शंभर मीटरहून खोल विहिरीत इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाचे अधिकारी फेकले गेले, ही कथा गाइड रंगवून सांगतात. तिला पुरावा नाही.

पुढे प्लेग, कॅथॉलिक-प्रोटेस्टंट युद्धे आणि सतराव्या शतकात दक्षिणेच्या कालव्याने (कनाल द्यू मिदी) दुसरीकडे वळवलेला व्यापार, यांनी गाव मागे पडले. वाडे टिकले त्याला हेही कारण असावे: पाडून नवे बांधायला पैसाच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलेनहून भरतकामाची यंत्रे आली आणि घरोघरी ती चालू लागली. लाकोस्तच्या टेनिस शर्टांवरची प्रसिद्ध मगर इथेही भरली जात असे. १९३० च्या दशकातल्या मंदीत तो धंदाही बसला.

आजचे गाव खरे घडले ते त्यानंतर. १९४० च्या सुमारास एक चित्रकार इथे राहायला आला, मागोमाग इतर कलाकार आले, ओस पडलेली घरे सावरली गेली. १९४७ मध्ये एका लेखिकेने ‘कॉर्द-स्यूर-सिएल’, म्हणजे आकाशावरचे कॉर्द, असे नाव सुचवले. सकाळी खोऱ्यात धुके साचते तेव्हा फक्त माथा वर दिसतो, त्यावरून. लेखिकेची कल्पना म्हणून ते छानच. पण १९९३ मध्ये तेच गावाचे अधिकृत नाव झाले. समर्थनार्थ म्हणता येईल की, नुसत्या ‘कॉर्द’ने नकाशावर काहीच कळत नाही आणि पर्यटनावर जगणाऱ्या गावाला ओळख लागते. तरी सनदेपासून चालत आलेल्या नावाला जाहिरातीचे शेपूट जोडले, हे नाकारता येत नाही. सात शतकांहून जास्त काळ लोकांना तेवढे नाव पुरले होते. शिवाय धुके रोज नसते. दुपारी पोहोचणाऱ्याला दिसतो तो उन्हातला चढ आणि हस्तकलेची दुकाने. २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेत हे फ्रेंचांचे सर्वांत आवडते गाव ठरले, आणि नावावरचा वाद तिथे बहुधा निकालात निघाला.

रेल्वेने मात्र नाव बदललेले नाही. वेळापत्रकात अजूनही कॉर्द-व्हँद्राकच शोधावे लागते, आणि परतीच्या गाड्या थोड्या असल्याने ते डोंगर चढण्यापूर्वीच पाहून ठेवावे.